पावणेदोन

एप्रिलात नंदुरबारला अलाइनमेंट करायची तर सकाळी सातला.
नंतर टायरातली हवा फुगते
आणि आकडा खोटा येतो, हारुण मन्यार म्हणतो.
पुढची दोन्ही चाकं त्यानं हातानं वाचली:
तळवा आत नेला, मऊ.
बाहेर ओढला, करवत.
"सात पायरीवर जास ना तू?
आनि आठवडाभर शहाद्याना सरळ रस्ता."
मी मान डोलावली. घाट फक्त रविवारचा,
बाकी सहा दिवस मिरचीची पथारी, बँक, पथारी.

मला अडीच हवं होतं. उणे अडीच.
चाकांची डोकी आत कललेली,
जशी झोंबण्याआधी पैलवानांची भिडतात.
आणि टो जरासा बाहेर,
म्हणजे मी वळायचं ठरवण्याआधीच नाक वळेल.
महिनाभर रात्री वहीत लिहून, खोडून
इथवर आलो होतो.

हारुणनं वही उघडली नाही.
"प्रकाशाच्या पुलावर टो बाहेर ठेवून जाऊन दाखव,"
हे तो शाळेतल्या मराठीत म्हणाला, म्हणजे चिडून.
"समोर उसाची ट्रॉली आणि हातात नाचणारं स्टिअरिंग.
टो शून्य. त्यावर बोलणं नाही.
कास्टरला तुझ्या गाडीत हात लावता येत नाही,
मागं एकच दांडी, कंपनीनं दिली तशी.
राहिलं कॅम्बर. ते बोल."

मग, पान्याशी चाळा करत:
"गाडीमा कोन बसस?"
एकटाच, मी म्हणालो.
त्यानं डावा बेल्ट ओढून नाकाशी नेला
आणि तीनदा शिंकला.

पथारी दोन गल्ल्या पलीकडं.
त्याच्या पोरानं जाऊन आईला आणलं,
सोजरबाई, तोंडाला फडकं, नखांत देठांचा हिरवा.
सीटवर पोतं ठेवता आलं असतं,
पण वाळली मिरची फुगते फार, भरते कमी.
ती स्वतःच बसली, चपला बाहेर काढून,
जशी रविवारी बसते
आणि वळण दिसलं की म्हणते, "दाब."
हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

"मन्हं वजन बी लिख. अठ्ठावन्न."
काट्यावरची बाई. किलोत चूक नाही.

मीही बसलो. गाडी बोटभर खाली आली,
पडद्यावर आकडे हलले
आणि सौदा सुरू झाला.
रुमाल नव्हता, नाहीतर तिनं
हारुणची बोटं खालून धरली असती.
मी अडीच. तो एक.
"अडीचले टायर कितला दिन टिकी?"
आतली कड पावसाळ्याआधी तारांवर येईल.
"एकले?"
दोन हंगाम. पण चौथ्या पायरीवर नाक बाहेर फेकेल.

ती गप्प झाली. चौथी पायरी तिला ठाऊक होती.
मागच्या महिन्यात तिथंच
हात डॅशबोर्डवर आपटला होता,
बांगडीची काच अजून चटईत आहे.

"पावनेदोन," ती म्हणाली. "लिख पट्टी."

बोल्ट केसभर केसभर फिरत गेला.
साठ मिनिटांचा अंश, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.
एक चाळीस, एक त्रेचाळीस,
पंचेचाळीसला डावं चाक थांबलं.
उजवं सत्तेचाळीसवर.
राहू द्या, दोन मिनिटांचं काय, मी म्हणालो.
दोघांनी माझ्याकडं असं बघितलं
की मी खिडकीबाहेर बघू लागलो.
हारुणनं बोल्ट पुन्हा सैल केला.

कागद छापून आला. आईनं चार घड्या घालून
कमरेच्या पिशवीत टाकला, बाजारच्या पट्ट्यांत.
पैसे मी दिले.

पथारीपर्यंत फार तर तीनशे पावलं.
रस्ता रिकामा होता. मी दोन्ही हात सोडले.
गाडी सरळ गेली, सरळ,
पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ.
"धर ते," ती म्हणाली,
"हाऊ घाट नई."